मधल्या खोलीची भिंत

त्या मंगळवारी दुपारी कॉम्प्युटर बंद पडला नसता तर मी त्या उंदराकडे बघितलंच नसतं. अकरा वर्षं उंदरांच्या वागण्यावर काम करणाऱ्या बाईनं असं सांगणं लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदराकडे बघायचं काम छताला लावलेल्या कॅमेऱ्याचं असतं. कॅमेऱ्यामागचा प्रोग्रॅम उंदराच्या नाकावर एक हिरवा ठिपका ठेवतो आणि तो ठिपका कुठे किती सेकंद होता याचा तक्ता काढून देतो. आम्ही तक्त्याकडे बघतो. पेटी अगदी साधी असते, पारदर्शक, एका ओळीत तीन कप्पे, मधल्या भिंतींना छोटी दारं. डाव्या कप्प्यात तारेच्या जाळीचा पेला उपडा ठेवलेला, टेबलावर पेनं ठेवायला असतो तसला, आणि त्याच्या आत एक अनोळखी उंदीर. उजव्या कप्प्यात तसाच पेला, पण रिकामा. मधल्या कप्प्यात आमचा उंदीर सोडायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. साधा उंदीर थोडा वेळ इकडेतिकडे करून सोबतीकडे जातो, जाळीला नाक लावून हुंगत राहतो. ज्यांचं एक जनुक आम्ही मुद्दाम बिघडवून ठेवलेलं असतं ते जात नाहीत. पावणेतीनशे कोटी अक्षरांची पोथी, त्यातलं एक अक्षर खोडायचं, आणि एका जिवाला दुसऱ्या जिवाची ओढ वाटेनाशी होते. हेच जनुक माणसाच्या लेकरात बिघडलेलं सापडतं तेव्हा ते लेकरू पुष्कळदा उशिरा बोलतं किंवा बोलतच नाही, नजर देत नाही, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतं, आणि डॉक्टर कागदावर ऑटिझम असं लिहितात. हे मी शेकडो वेळा व्याख्यानांत सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी सांगताना अंगावर काटा आला आहे. एका अक्षराची ती ताकद.

तर त्या मंगळवारी कॉम्प्युटर बंद पडला, आणि उंदीर पेटीत सोडून झाला होता. सोडलेला उंदीर परत उचलून पुन्हा सोडता येत नाही, त्याला पेटी माहीत झालेली असते. म्हणून मी मोबाइलवरचं सेकंदांचं घड्याळ लावलं, लाल दिव्याच्या उजेडात स्टुलावर बसले आणि जुन्या लोकांसारखी डोळ्यांनी मोजायला लागले. चारशे सात नंबरचा तो उंदीर, बिघडवलेल्यांपैकी. तो डाव्या कप्प्यात गेला, पेल्याला लांबून वळसा घातला, नाक एकदाही जवळ नेलं नाही. मी मनातल्या मनात शून्य लिहिलं. मग तो पेल्याकडे पाठ करून उभा राहिला आणि मागे सरकायला लागला. एक पाऊल, थांबला. अजून एक पाऊल. आपण अंधारात खुर्चीवर बसताना जसे मागे मागे जातो तसा, खुर्ची आहे ना याची खात्री करत. त्याचा पार्श्वभाग जाळीला टेकला तसा तो खाली बसला, अंग फुगवलं आणि डोळे अर्धे मिटले. आत जो होता तो उठला, आतल्या बाजूनं आला आणि त्यानंही जाळीला पाठ लावली. मधे फक्त तार. दहा मिनिटं भरेपर्यंत दोघे तसे बसून होते. घड्याळ माझ्या हातात चालू होतं आणि मी मोजायचं विसरले होते. ती बसण्याची तऱ्हा मला ओळखीची होती. माझ्या पाठचा भाऊ, रत्नपाल, आज तीस वर्षांचा आहे, आणि तीस वर्षं तो घरात असाच बसत आला आहे.

नाक दोन सेंटिमीटरच्या आत आलं तरच ओढ मोजायची, हा नियम सहा वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत मीच घातला. मी काही आकाशातून आणला नव्हता, सगळं जग नाकच मोजतं. पण आकडे ठरवताना प्रोग्रॅममध्ये एक चौकट होती, शेपटीकडची बाजूही धरायची का, आणि तिथे मी 'नको' लिहिलं होतं. उंदीर बुडानं कशाला कोणाकडे जाईल, असं तेव्हा आम्ही हसून म्हटलंही होतं. पुढचे दोन दिवस मी जुन्या फिती काढून बघितल्या. एकशे नव्वद बिघडवलेल्या उंदरांपैकी एकसष्ट जण पेल्याला पाठ लावून बसले होते. रिकाम्या पेल्याला किती बसले तेही मोजलं, कारण कोपरा उबदार वाटला म्हणूनही कोणी बसेल. रिकाम्याला बसले चार. मी ते चार आणि एकसष्ट शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. भीती वाटली, आणि भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, तळ्याच्या काठावर वाकून बघताना आत आकाश दिसावं तसलं. आमच्या विभागप्रमुख प्रियदर्शनी मॅडमनी त्यातली एक फीत चार वेळा बघितली. त्या घाईनं हुरळून जाणाऱ्या नाहीत. कदाचित पाठीला आधार लागत असेल, कदाचित घाबरून बसत असतील, आत्ताच काही म्हणू नकोस, असं त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसत त्यांनी सांगितलं की सहा वर्षांचं सगळं काम परत मोजावं लागेल, आणि प्रोग्रॅमवर सोडायचं नाही, माणसानं डोळ्यांनी मोजायचं. मी हो म्हटलं. माझ्या मनात मात्र निराळाच कागद होता, माझ्या घरच्या टेबलाच्या खणात ठेवलेला.

तो कागद होता लातूरकडच्या एका निवासी संस्थेचा प्रवेश अर्ज. जानेवारीत वसमतला आमच्या घरासमोरून एक वरात गेली, डीजे लावून. रत्नपालला तो आवाज सहन होत नाही, छातीत हात घालून कोणी ओढावं तसा तो कळवळतो. कानावर हात घेऊन तो आतल्या खोलीकडे धावला आणि वाटेत माय उभी होती. मायला ढकलायचं त्याच्या मनातही नसेल, पण तो पंचाहत्तर किलोचा आणि माय अडुसष्ट वर्षांची. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, मी पंधरा दिवस रजा काढून गेले, आणि त्या पंधरा दिवसांत मला कळून चुकलं की हे असं चालायचं नाही. बाबा जाऊन सात वर्षं झाली. माय वॉकर धरून मोरीपर्यंत जेमतेम जाते. संस्था चांगली होती, मी स्वतः जाऊन बघून आले, स्वच्छ, माणसं प्रेमळ, मागे भाजीचा मळा. माय तयार नव्हती. एके दिवशी मी तिच्या खाटेवर बसून तिला समजावलं की रत्नपालला कोण जवळ आहे आणि कोण नाही याचा फरक पडत नाही, वेळेवर जेवण आणि हाताला काम मिळालं की तो कुठेही तसाच राहील. हे मी मुलगी म्हणून बोलले नाही, त्या विषयात नाव कमावलेली बाई म्हणून बोलले. माय माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुला जास्त कळतं, बाई." अर्जात चौदावा प्रश्न होता, नातेवाइकांना ओळखतो का, कोणाविषयी ओढ दिसते का. त्यापुढे मी निळ्या बॉलपेननं 'नाही' लिहून सही केली होती. येत्या सोमवारसाठी त्याची खाट राखून ठेवली होती, अर्ज त्याच दिवशी सोबत न्यायचा होता.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं परभणी आणि तिथून सकाळची एसटी. खिडकीशी बसून मी त्या 'नाही'चा हिशेब लावत होते. तो मी फुकट लिहिला नव्हता, तीस वर्षांचा पुरावा होता. रत्नपाल चार वर्षांचा होईतो बोलला नाही तेव्हा बाबांनी नांदेडचे डॉक्टर केले, मायनं दर्ग्याचा धागा केला, शेजारणींनी सांगितलेलं सगळं केलं. शाळेनं त्याला 'मंद' म्हणून परत पाठवलं. मी आठ वर्षांची होते आणि मला भाऊ हवा होता, मागे लागणारा, खोड्या काढणारा. मी त्याच्यासमोर बसून टाळ्या वाजवायची, तोंडं वेडीवाकडी करायची, तो शांतपणे उठून पाठ करून बसायचा. औरंगाबादला कॉलेजात गेले आणि पहिल्या दिवाळीला पाच महिन्यांनी परत आले, तेव्हा दारातून हाक मारली. तो मधल्या खोलीत फरशीवर बसला होता. माझ्याकडे एक ओझरती नजर टाकली, उठला आणि भिंतीला पाठ लावून दुसरीकडे तोंड करून बसला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायच्या निमित्तानं रडले होते. लोक म्हणतात, पोरगी भावासाठी एवढी शिकली. ऐकायला गोड वाटतं म्हणून मी कधी खोडून काढत नाही. खरं म्हणजे मी रागानं शिकले. याला मी का दिसत नाही, हे मला कोणत्या तरी सूक्ष्मदर्शकात सापडायला हवं होतं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं नमुना घेऊन आमच्याच यादीतल्या जनुकांसाठी तपासला, तर काही निघालं नाही. उंदरातलं ते अक्षर त्याच्यात शाबूत होतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाज वाटली.

वसमतला उतरले तर सगळं गाव हळदीच्या वाफेत होतं. फाल्गुनात आमच्याकडे असंच असतं, रानोरान मोठाले कुकर लावून हळद शिजत असते, घामालाही तोच वास येतो. रत्नपाल अकरा वर्षं विश्वंभरशेठच्या गोदामात हळद निवडतो. वाळून पॉलिश झालेली हळद समोर ओतायची आणि हळकुंडं एकीकडे, गोल गड्डे एकीकडे, मोडका चुरा तिसरीकडे करायचा. बायकांच्या रांगेत तो एकटा पुरुष, आणि सगळ्या रांगेकडे पाठ करून बसणारा. घरी न जाता मी बॅगेसकट गोदामात गेले. त्याच्या मागे जनकाबाई बसली होती, तीसुद्धा जुनी. दोघांची पाठ एकमेकांना लागलेली, आणि दोघांचे हात दोन दिशांना चालू. हे दृश्य मी पूर्वी किती वेळा बघितलं असेल, आणि जागा कमी म्हणून असे बसले असतील एवढंच मनात आलं असेल. मी जनकाबाईला विचारलं की तुम्ही अशा का बसता. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. टेकायला बरं पडतं, म्हणाली. मग हळकुंड ढिगात टाकत तिनं सांगितलं की मागच्या साली तिला ताप येऊन ती चार दिवस आली नव्हती, तर यानं चार दिवस एक हळकुंड निवडलं नाही. "माज्या रिकाम्या पोत्याजवळ बसून राहायचा नुसता. शेठ म्हनले, येडा झाला. मी म्हनलं, येडा न्हाई, त्याला सवय हाय मानसाची." हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कोणाला कधी काय विचारलं होतं. मी रत्नपालच्या समोर जाऊन बसले. त्यानं हळद निवडणं थांबवलं नाही. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे होते, आणि बोटं हळकुंडाला हात लावायच्या आधीच ते कुठे जायचं हे ठरवून बसलेली. अकरा वर्षं चूक नाही, असं शेठ सांगतात. मी समोर होते तोवर तो अवघडलेला दिसला. उठून बाजूला गेले तेव्हा त्याचे खांदे खाली आले.

आमचं घर तीन खोल्यांचं आहे, एका ओळीत. पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर. मधे एका विटेच्या दोन भिंती आणि त्यांना दारं. त्या शनिवारी दुपारी मी उंबऱ्यात उभी राहिले आणि मला हसूच आलं, कारण जगात कुठेही जी पेटी बघून मला घरच्यासारखं वाटायचं ती मला घरच्यासारखी का वाटायची हे तेव्हा कळलं. पुढच्या खोलीत मायची खाट. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्याखाली माझे पदवीचे फोटो, इतके की मलाच ओशाळं होतं. मायनं वॉकरवर रेलून माझं तोंड कुरवाळलं आणि न विचारताच सांगितलं की त्याचे चार सदरे, दोन पांघरुणं भरून ठेवली आहेत. तिचा आवाज सरळ होता. सरळ ठेवायला तिला किती कष्ट पडत होते ते तिच्या हनुवटीवर दिसत होतं. मी आत गेले, मधल्या खोलीत. ही खोली मी आयुष्यभर फक्त ओलांडत आले. तिथे ट्रंका, गाद्या आणि रत्नपाल एवढंच असतं. पुढच्या खोलीकडच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर, एक मोठा पिवळा डाग होता. हळदीचा. अकरा वर्षं गोदामातून येऊन तोच सदरा घालून तो टेकला होता आणि चुना हळद प्यायला होता. मग मी वळले. समोरच्या, स्वयंपाकघराकडच्या भिंतीवर तसाच दुसरा डाग होता, तेवढाच रुंद, त्याच उंचीवर, पण फिका.

मी मायला हाक मारली. ती वॉकर टेकत टेकत दारापर्यंत आली. हे डाग कसले, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी हळद कसली म्हणून विचारते आहे की काय. ती सांगायला लागली तेव्हा मी ट्रंकेवर बसले. "हा माझ्याकडला," ती पुढच्या भिंतीकडे हात करून म्हणाली. "मी तिकडं खाटंवर असती ना, मग तो हिकडून टेकतो. आन् त्यो तुझा. तू आलीस की भिंत बदलतो. तू सैपाकघरात बसून वाचायचीस ल्हानपनापासून, म्हून तिकडं. तू गेलीस की दोन दिवस तिथंच ऱ्हातो, मग येतो माझ्याकडं. मी काई रुसत न्हाई." दरवर्षी जयंतीच्या आधी घराला चुना देतात तेव्हा ती ही दोन ठिकाणं सोडून देते. एका वर्षी तिनं हौसेनं सगळीकडे ऑइलपेंट मारून घेतला, तर तो चार दिवस बसेना, जेवेना. शेवटी शेजारच्या शीतलच्या नवऱ्यानं तेवढा रंग खरवडून दिला. मी विचारलं की मग मला कधी बोलली का नाहीस. माय म्हणाली, "काहून सांगायचं? तुझा भाऊ हाय. मला वाटलं तुला ठावं आसंल." मग खाली बघत तिनं पुढचं सांगितलं. जानेवारीत मी म्हणाले ना की त्याला फरक पडत नाही, तेव्हा तिला वाटलं की एवढी शिकलेली पोरगी म्हणते आहे, तर आपलंच चुकत असेल, आईच्या मनाचे खेळ असतील. तीस वर्षं तिनं डोळ्यांनी बघितलेलं माझ्या एका वाक्यापुढे तिनं खोटं धरलं होतं. एवढा मान मला कुठल्या परिषदेत मिळाला नाही, आणि एवढी शरम कधी वाटली नाही.

तरीही मी मोजलंच. खोड काही जात नाही. आई म्हणते म्हणून न मोजता खरं धरायचं, तर मग उंदरांना तरी मोजायचं कशाला. रत्नपाल पाच वाजता आला, हातपाय धुतले, पण सदरा बदलला नाही, तो कधीच बदलत नाही. मी स्वयंपाकघरात होते. तो माझ्याकडच्या भिंतीला टेकला. मी चपला हातात घेऊन मागच्या दारानं निघाले, बोळातून वळसा घालून पुढच्या दारानं आत आले आणि मायच्या खाटेच्या पायथ्याशी बसले. घड्याळ लावलं. दाराच्या फटीतून त्याचा खांदा दिसत होता. चाळीस सेकंदांनी त्यानं मान कलती केली, आवाज ऐकल्यासारखी, जरी माझा आवाज झाला नव्हता. सत्तर सेकंदांनी तो उठला, खोली ओलांडली, वळला आणि मागे मागे येत पुढच्या भिंतीला टेकला. एक पाऊल, थांबला, अजून एक पाऊल. मी पुन्हा बोळातून मागे गेले. तो पुन्हा आला. चार वेळा असं झालं. चारही वेळा त्यानं माझ्याकडे बघितलं नाही आणि चारही वेळा तो मी होते त्याच बाजूच्या भिंतीला होता. पाचव्या वेळी तो जागचा हलला नाही, मधेच बसून नेहमीसारखा हुं हुं करत राहिला, आणि खाटेवरून मायचं हसू ऐकू आलं. "कटाळला तो. मानूस हाय, उंदीर न्हाई." मी तिला रिकाम्या पेल्याचं विचारलं, म्हणजे घरात कोणीच नसताना तो कुठे टेकतो ते. जानेवारीत ती स्वतः दवाखान्यात होती, त्यामुळे तिला ते माहीत नव्हतं. जेवण पोचवायला येणाऱ्या शीतलला हाक मारून विचारलं. ऑपरेशनच्या दिवशी मी नांदेडला धावले आणि आठ दिवस घरात तो एकटाच होता. शीतल म्हणाली, तो खोलीच्या बरोबर मधोमध बसायचा, कुठल्याच भिंतीला नाही. पाठ कशालाच लागलेली नव्हती.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखाली, माझ्या जुन्या जागेवर, भिंतीला पाठ लावून बसले. मी इथे बसून शिकले. दहावी, बारावी, सुट्टीतली सगळी वाचनं, गुडघ्यावर वही ठेवून. पलीकडे तो येऊन बसल्याचं कळलं, कारण भिंत हलली. तो टेकला की डुलतो, मागेपुढे, आणि त्याच्या पाठीचा एक बारीक ठोका भिंतीतून इकडे येतो. एका विटेची भिंत, काय अडवणार. तो ठोका मला माहीत होता. दहावीचं अख्खं वर्ष तो माझ्या पाठीत बसायचा. मी वैतागायची, पुस्तक आपटायची, मायला ओरडून सांगायची की याला तिकडे बसव, याच्या डुलण्यानं माझं पाठांतर होत नाही. आणि माय त्याला उठवून पुढे न्यायची आणि थोड्या वेळानं ठोका परत यायचा. पहाटे चारला उठून बसले तरी यायचा. मी एकटी शिकले, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे, घरात कोणी सोबतीला नव्हतं, दिव्याखाली मी आणि माझी पुस्तकं. वर्षभर रोज कोणीतरी झोपेतून उठून माझ्या पाठीशी येऊन बसलेलं होतं आणि मी त्याची तक्रार करत होते. मला रडू आलं, ते मी या वेळी कांद्यावर ढकललं नाही. किती मोठं आहे हे सगळं, असं मनात येत राहिलं. एका जिवानं दुसऱ्याकडे जायच्या वाटा किती आहेत, आणि आपण त्यातली एक धरून बसतो, नाकाची, आणि बाकी सगळ्यांपुढे शून्य लिहितो. मी डोकं मागे टेकलं आणि हळूच डुलायला लागले, त्याच्या ठोक्याला धरून. पलीकडचा ठोका थांबला. मीही थांबले, जीव मुठीत धरून. मग तिकडून एक ठोका आला. एकच. मी एक दिला. मग तो पुन्हा आपल्या लयीत डुलायला लागला, जणू हे एवढं तर कधीपासून ठरलेलंच होतं.

रविवारी मी मायला म्हटलं, दोघं पुण्याला चला. तिनं भाकरी थापायला ओट्याशी उंच स्टूल ओढून घेतलं होतं, पीठ मळता मळता तिनं विचारलं की त्याच्या हळदीचं काय, जनकाबाईचं काय, आणि माझ्या अकराव्या मजल्याच्या भिंतीतून ठोका पलीकडे जातो का. माझ्या त्या काँक्रीटच्या भिंतींतून शेजारच्यांचं भांडणही ऐकू येत नाही. काखेत कळसा आन् गावाला वळसा, एवढंच माय म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली. सोमवारी दहाला संस्थेतून फोन आला. गृहस्थ अदबीनं बोलत होते, खाट तयार आहे, कधीपर्यंत पोचताय. तिथल्या भिंती कशा आहेत, असं माझ्या तोंडून गेलं. ते म्हणाले की नुकताच रंग दिलाय, मॅडम. मी त्यांची क्षमा मागितली आणि ती खाट दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगितलं, एखाद्या गरजू घराला तिचा आधार होईल. मग प्रियदर्शनी मॅडमना फोन केला. सहा वर्षांच्या फिती माणसानं डोळ्यांनीच बघायच्या तर त्यासाठी पुणं लागत नाही, मायचं हाड जुळेपर्यंत मी इथून मोजते, पुढचं पुढे बघू. डीजेचा मोसम मेपर्यंत आहे, त्याचा धाक मला आहेच, आणि जूनमध्ये काय करायचं ते मला आज ठाऊक नाही. मॅडम म्हणाल्या, मोज, पण घाई करू नकोस. खणातला तो अर्ज मी बॅगेतून आणला होता. त्याची आता कोणाला गरज नव्हती. तरी चौदाव्या प्रश्नापुढचं 'नाही' मी खोडलं, आणि बाजूला काय लिहावं ते न सुचून कागद भिंतीच्या त्या फिक्या डागावर घासला. तेवढं पिवळं त्यावर आलं.

आता ओट्याखाली बसले आहे, मांडीवर लॅपटॉप. पहिली फीत लावली आहे, सहा वर्षांपूर्वीची, एक नंबरचा उंदीर, ज्याच्यापुढे मी शून्य लिहिलं होतं. रत्नपाल पाचला येऊन पलीकडे टेकला आहे आणि पाठीला ठोका लागतो आहे. माय वॉकर धरून दारात उभी आहे, पडद्यावरच्या त्या इवल्या जिवाकडे डोळे बारीक करून बघत. तो पेल्याकडे पाठ करतो, एक पाऊल मागे येतो, थांबतो.

"आता बराबर मोज," माय म्हणते.

मी घड्याळ सुरू करते.